कड्याच्या टोकावरचे प्राचीन कोट: यांना किल्ले म्हणावं का?

आडवाट (धागाकर्ता)

आयर्लंडच्या पश्चिमेला अरान नावाची तीन बेटं आहेत. त्यातल्या सगळ्यात मोठ्या इनिश मोरवर नुकताच जाऊन आलो. रोसाव्हीलहून बोट, किलरोननच्या धक्क्यावर भाड्याची सायकल, वाटेत दोनदा पाऊस आणि एकदा ऊन, किलमर्वीपासून पुढचा चढ पायी. वर डून एंगस. 'डून' म्हणजे कोट, आणि एंगस हा दंतकथेतल्या फिर बोल्ग लोकांचा सरदार.

गड बघायची आपली एक ठरलेली रीत असते. दरवाजा कुठल्या अंगाला, बुरूज किती, आणि मुख्य म्हणजे पाण्याचं टाकं कुठे. मीही सवयीने तेच शोधत फिरलो. दरवाजा मिळाला, ठेंगणा आणि अरुंद. बुरूज नाहीत. आणि पाणी? झरा, विहीर, टाकं, काहीच दिसलं नाही. आत उघडा चुनखडक, आणि तो संपतो तिथे थेट ८७ मीटर खाली अटलांटिक. कठडा नाही. लोक पोटावर झोपून कडेपर्यंत सरकतात आणि खाली बघतात. मीही सरकलो. पुन्हा सरकणार नाही.

रचना अशी: कड्याला पाठ लावून एकात एक अर्धवर्तुळाकार तट. सगळ्यात बाहेरच्या तटाने सुमारे १४ एकर जागा घेरली आहे. आतला तट जवळजवळ ६ मीटर उंच आणि ५ मीटर जाड. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. कोकणातला गडगा ज्यांनी पाहिलाय त्यांनी तोच गडगा कुणीतरी ताडमाड वाढवलाय असं समजावं. तटाच्या आतल्या अंगाला पायऱ्या आणि टप्पे आहेत. बाहेरून काही ठिकाणी तिरपे दगडी टेकू दिलेत. ते बघून मी त्या कांस्ययुगातल्या गवंड्यांना मनातल्या मनात दंडवत घातला.

तटांच्या बाहेरच्या पट्ट्यात आणखी एक प्रकार आहे. हजारो अणकुचीदार दगड जमिनीत उभे रोवलेत, दाट, वेडेवाकडे. पुरातत्त्वात त्याला 'शेव्हो द फ्रीझ' म्हणतात. त्यातून धावत जाणं सोडा, नीट चालणंही अवघड. माझा घोटा साक्षीला आहे.

इथे १९९२ ते १९९५ अशी चार वर्षं क्लेअर कॉटर यांच्या देखरेखीखाली डिस्कव्हरी प्रोग्राम या आयरिश पुरातत्त्व संशोधन संस्थेने उत्खनन केलं. त्यातून कळलेलं थोडक्यात सांगतो. माणसं इथे इसवी सनापूर्वी १५०० च्या आसपासपासून आहेत. पहिली तटबंदी इसवी सनापूर्वी ११०० च्या सुमाराची. सगळ्यात गजबजलेला काळ इसवी सनापूर्वी ८०० च्या आगेमागे. मग बरीच शतकं शुकशुकाट, आणि इसवी सनाच्या ७००-८०० च्या सुमारास पुन्हा डागडुजी. म्हणजे 'हा किल्ला कधीचा?' याला एक उत्तर नाहीच.

आत सापडलं काय? गोल झोपड्यांचे पाये, मेंढ्यांची हाडं, शिंपल्यांचे ढीग, अंबरचे मणी. आणि मातीचे साचे. तलवारी, भाल्यांची पाती, कुऱ्हाडी, टाचण्या ओतायचे साचे. आता मेख अशी की हे बेट म्हणजे चुनखडकाची लादी. तांबं नाही, कथील नाही. म्हणजे दोन्ही धातू होडीतून यायचे, आणि कड्याच्या टोकावर, भणाणत्या वाऱ्यात, कुणीतरी ते वितळवत बसायचं.

मला पडलेला प्रश्न हा. वेढा पडला तर पाण्यावाचून चार दिवसांत शरण जावं लागेल अशा जागी कुणी इतके दगड का रचेल? आपण त्याला 'किल्ला' म्हणतो म्हणून लढाईचा विचार करतो, की लढाई खरंच होती? माझं मत सांगून टाकतो: शब्दाने आपल्याला फसवलंय. जाणकारांनी झोडपावं.

---

खवचट_खार

पहिला. लेख आवडला. घोट्याची साक्ष नोंदवून घेतली आहे.

---

निवृत्त_ओव्हरसियर

आडवाट साहेब, झोडपायला सांगितलंत म्हणून येतो.

पाण्याचा मुद्दा तुम्ही आपल्या गडांवरून उचललात. तिथे वेढा महिनोन्‌महिने चालायचा, कारण वेढा घालणाऱ्याकडे पगारी फौज आणि मागून रसद असायची. तीन हजार वर्षांपूर्वी अटलांटिकच्या काठावर असली फौज कुणाकडे होती? हल्ला म्हणजे शेजारच्या टोळीची धाड. सकाळी आले, गुरं-मेंढ्या पळवल्या, संध्याकाळी गेले. तेवढ्यापुरतं आत शिरून राहायचं तर चामड्याच्या पखालीतलं पाणी पुरतं.

दुसरं, भूशिराचा हिशेब बघा. मी आयुष्यभर मजूर, ब्रास आणि दिवस यांचीच गणितं केली. सपाटीवर पाच एकर घेरायला चहूकडून तट लागतो. समुद्रात घुसलेल्या सुळक्यावर तीन बाजू निसर्गाने बांधून दिलेल्या. जमिनीला जोडणाऱ्या अरुंद मानेवर एक भिंत घातली की काम झालं. आयर्लंड, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाचं कॉर्नवॉल, वेल्स, स्कॉटलंड, फ्रान्समधलं ब्रिटनी, सगळीकडे हीच युक्ती दिसते. कॉर्नवॉलमध्ये तर त्यांना 'क्लिफ कॅसल' असं वेगळं नावच आहे. ट्रेरिन डिनास, गर्नार्ड्‌स हेड, द रम्प्स, ट्रिव्हेल्ग हेड, नकाशावर बघितलं तर प्रत्येक ठिकाणी मान आवळलेली.

तिसरं, त्या ५ मीटर जाड तटाचं बांधकाम. ती एक भिंत नसते. एकीला एक चिकटवून उभ्या केलेल्या भिंती असतात, प्रत्येकीला स्वतःचा दर्शनी चेहरा. बाहेरची ढासळली तरी आतली उभी. देखाव्यासाठी कुणी आतल्या, न दिसणाऱ्या भिंतीला चेहरा देत नाही.

---

आडवाट

काका, तिसरा मुद्दा मान्य. पहिल्या दोहोंवर उद्या येतो. पण शेजारच्या टोळीची धाड रोखायला १४ एकर? एवढ्या लांब तटावर उभं राहायला माणसं तरी होती का बेटावर?

---

लॅटिनवाला

या जागांचा लढाईत वापर झाल्याचा लेखी पुरावा आहे, आणि तो ज्याने त्या जिंकल्या त्याच्याच हातचा आहे.

इसवी सनापूर्वी ५६ मध्ये ज्युलियस सीझर ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यावर व्हेनेटी नावाच्या दर्यावर्दी लोकांशी लढत होता. गॉलच्या (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या) युद्धावरच्या त्याच्या वृत्तान्ताच्या तिसऱ्या भागात त्यांच्या कोटांचं वर्णन येतं. सारांश असा: हे कोट जमिनीच्या जिभा आणि भूशिरं यांच्या टोकांवर असत. भरती आली की पायदळाला जाता येत नसे. जहाजाने जावं तर ओहोटीला जहाज गाळात रुतायचं. रोमनांनी समुद्र अडवून तटाच्या उंचीपर्यंत बांध घातले, तेव्हा व्हेनेटींनी सगळं सामान जहाजांत भरलं आणि पुढच्या भूशिरावर गेले. तिथेही तेच. उन्हाळ्याचा बराचसा काळ हा लपंडाव चालला.

यात आडवाटांच्या पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर दडलंय. त्या लोकांनी कोटात अडकून पडायचं गृहीतच धरलेलं नव्हतं. त्यांचा चोरदरवाजा म्हणजे समुद्र. शेवटी हरले तेही समुद्रातच. रोमनांनी लांब काठ्यांना कोयते बांधून त्यांच्या शिडांचे दोर कापले, त्यात वारा पडला, आणि चामड्याच्या शिडांची ती भक्कम जहाजं जागच्या जागी खिळली. पुढे सीझरने त्यांच्या सगळ्या वडीलधाऱ्या सभासदांना ठार केलं आणि उरलेल्यांना गुलाम म्हणून विकलं.

जाता जाता: ब्रिटनी आणि उत्तर फ्रान्समधल्या कोटांची पद्धतशीर पाहणी दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मॉर्टिमर व्हीलरने केली. तोच व्हीलर जो १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा महासंचालक झाला आणि ज्याने हडप्पा, अरिकामेडू, ब्रह्मगिरी इथे उत्खननं केली. आपल्याकडच्या पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना चौकोनी खड्डे आणि मधले बांध शिकवणारा माणूस आधी या असल्या कोटांच्या चिखलात उभा होता.

---

मीनाक्षीताई

व्हीलरचं माहीत नव्हतं! वाखुसा (वाचनखूण साठवली).

एक बाळबोध प्रश्न. डून एंगसचे फोटो पाहिले. अर्धवर्तुळ बघून वाटतं की मूळ कोट पूर्ण गोल असावा आणि अर्धा समुद्रात कोसळला असावा. तसं आहे का?

---

आडवाट

ताई, प्रत्येक प्रवासी हेच विचारतो. आमच्या सायकलवाल्यानेही छातीठोक 'अर्धा पडला' असं सांगितलं. माझं मत उलट. भूशिरावरच्या कोटांत कड्यालाच चौथी भिंत मानायची पद्धत इतकी सर्रास आहे की डून एंगसलाच वेगळा न्याय कशाला? चुनखडकाचे तुकडे अधूनमधून पडत असणार, कडा थोडी मागे आलीही असेल. पण अख्खं अर्धं वर्तुळ गेलं असं मानायला काही कारण दिसत नाही.

---

बोचरा_वारा

मी वेल्समध्ये राहतो, त्यामुळे यावर थोडं सविस्तर.

कडा कसल्या दगडाचा आहे यावर सगळं अवलंबून. अरानचा चुनखडक ताठ. ट्रेरिन डिनासचा ग्रॅनाइट त्याहून ताठ. पण वायव्य वेल्समधलं दिनास दिन्ले घ्या. तो कोट ज्या टेकाडावर आहे ते हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांचं. भिजलं की घसरतं. तिथे ताईंचा प्रश्न अगदी बरोबर लागू पडतो: पश्चिमेकडचा तट खरोखरच समुद्रात गेलेला आहे. पुळणीवर उभं राहून वर बघितलं तर खंदकाचा उभा छेद दिसतो, पुस्तकातल्या आकृतीसारखा.

२०१७ ते २०२३ या काळात आयर्लंड आणि वेल्सचा 'चेरिश' नावाचा संयुक्त प्रकल्प चालला. किनाऱ्यावरचा वारसा आणि बदलतं हवामान हा विषय. विमानातून लेझर मोजणी, ड्रोनने काढलेल्या फोटोंवरून त्रिमिती नमुने, दरवर्षी तीच कडा पुन्हा मोजायची आणि किती गेली ते बघायचं. २०१९ मध्ये दिनास दिन्लेला खोदकाम झालं तेव्हा वाळूच्या थराखाली एक मोठं गोल घर निघालं. व्यास साधारण १३ मीटर, दगडी भिंती जाडजूड. कड्यापासून फार लांब नाही.

आणि आयर्लंडमधलं डनबेग. केरी परगण्यात, डिंगल द्वीपकल्पावर. मानेवर चार बांध आणि पाच खंदक, त्यामागे दगडी तट, आत बाहेरून गोल आणि आतून चौकोनी असं दगडी घर, दरवाजाखालून जाणारं भुयार. १९७७ मध्ये तिथे उत्खनन झालं. एका जुन्या चरातल्या कोळशाची तारीख इसवी सनापूर्वी सहाव्या शतकापर्यंत मागे गेली, तर घरातला वावर बराच अलीकडचा, इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराचा. जानेवारी २०१४ च्या वादळांत दगडी तटाचा एक भाग थेट समुद्रात गेला.

म्हणून मला 'किल्ला की किल्ला नाही' या वादापेक्षा घाई कुठे करायची हा प्रश्न मोठा वाटतो. अरानचे तट आणखी हजार वर्षं वाद घालायला उभे राहतील. दिनास दिन्ले राहणार नाही.

---

निवृत्त_ओव्हरसियर

चार बांध आणि पाच खंदक. आडवाट, हेही नुसतं मिरवायला का?

---

आडवाट

काका, हो! निदान थोडं तरी. डनबेगचं टोक केवढं आहे बघा. आत एक घर जेमतेम. एका घरासाठी पाच खंदक म्हणजे घरापेक्षा कुंपण भारी. कुणीतरी जमिनीकडून येणाऱ्या पाहुण्याला सांगतंय की बाबा रे, एकेक ओलांडत ये, आणि प्रत्येक वेळी लक्षात ठेव कुणाकडे चाललायस. समुद्राकडून बघणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही.

आणि कालचं राहिलेलं उत्तर. धाडीपुरता आडोसा हवा असता तर तिथे कांस्य ओतायची भट्टी लागली नसती. तलवार ओतणं हे तेव्हा रोजचं काम नव्हे. धातू दुरून आणणारा, कारागीर पोसणारा आणि तयार तलवार कुणाला द्यायची ते ठरवणारा असा कुणीतरी तिथे होता. मला ती जागा गढीपेक्षा दरबारासारखी वाटते. वर्षातून ठरावीक वेळी आसपासच्या बेटांवरून लोक जमत असतील, देणीघेणी होत असतील. आतल्या कोटात कड्याला लागून खडकाचा एक चौकोनी ओटा आहे. तिथे उभा राहिलेला माणूस आतल्या सगळ्यांना दिसतो आणि त्याच्यामागे फक्त आकाश. हा माझा तर्क, उत्खननाच्या अहवालाच्या माथी मारू नका.

---

खवचट_खार

म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीचं स्टेज. मागे पडदा अटलांटिकचा.

---

कार्बनकाकू

प्रयोगशाळेत हयात गेली, म्हणून एक तांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट.

आडवाट यांनी शिंपल्यांचे ढीग म्हटलं. खडकाला टोपीसारखे चिकटून बसणारे ते शिंपले किनाऱ्यावरच्या बहुतेक जुन्या वस्त्यांत ढिगाने सापडतात, आणि नवख्याला वाटतं की चला, तारीख काढायला सामान मिळालं. इथे फसगत होते. समुद्राच्या पाण्यातला कार्बन हवेतल्या कार्बनपेक्षा जुना असतो, कारण खोल पाणी वर यायला शतकं लागतात. त्यामुळे समुद्री जीवांची रेडिओकार्बन तारीख ढोबळमानाने चारशे वर्षं जुनी येते. दुरुस्ती करता येते, पण ती किनाऱ्यागणिक बदलते. म्हणून हात शक्यतो मेंढीच्या हाडाकडे किंवा जळक्या दाण्याकडे जातो. कोळसाही जपून घ्यावा लागतो, कारण जुन्या ओंडक्याचा गाभा जाळला असेल तर चुलीपेक्षा लाकूडच दोनशे वर्षांनी थोरलं निघतं.

दुसरं, माती. अरानच्या चुनखडकावर हाडं टिकतात. म्हणून तिथे 'लोक काय खात होते' हे सांगता येतं. कॉर्नवॉलच्या आम्लधर्मी जमिनीत हाडं विरघळून जातात. मग कुणी म्हणतं 'तिथे वस्ती विरळ असावी'. अहो, वस्ती विरळ नाही, जमीन खादाड आहे! सापडलं नाही आणि नव्हतं यांत फरक असतो, आणि या कोटांबाबत तो पदोपदी आडवा येतो.

---

लॅटिनवाला

कार्बनकाकू, शेवटच्या वाक्यासाठी +१. त्यात आणखी एक भर: खोदलं पण छापलं नाही. कॉर्नवॉलच्या ट्रिव्हेल्ग हेडला १९३९ मध्ये क्रॉफ्ट अँड्रूने मोठं उत्खनन काढलं. भलंमोठं गोल घर आणि लोखंड गाळल्याच्या खुणा मिळाल्या. सप्टेंबरमध्ये महायुद्ध सुरू झालं आणि काम तिथेच थांबलं. खोकी पडून राहिली. संपूर्ण अहवाल प्रसिद्ध झाला २०११ मध्ये. बहात्तर वर्षं! मधल्या काळात कॉर्नवॉलच्या लोहयुगावर जे जे लिहिलं गेलं ते त्या खोक्यांशिवाय.

कॉर्नवॉलमधल्याच टिंटॅजेलची गोष्ट याच्या उलट. तिथे १९३० च्या दशकात रॅडफर्डने खोदलं, प्राथमिक अहवालही दिला, पण निष्कर्ष काढला की हा ख्रिस्ती मठ. पुढे १९८३ मध्ये भूशिरावरच्या गवताला आग लागली, वरची माती वाऱ्यापावसाने धुपली आणि खालून आणखी कितीतरी इमारतींच्या रेषा उघड्या पडल्या. पाचव्या-सहाव्या शतकातली भूमध्य सागराकडची खापरं तिथे इतकी निघाली की मठाची कल्पना मागे पडली आणि बड्या सत्ताधीशाचं ठाणं ही कल्पना पुढे आली. तेल आणि वाईनचे रांजण पूर्व भूमध्यातून थेट या कड्यापर्यंत! दंतकथा या जागेशी जोडते त्या आर्थर राजाचं नाव मी मुद्दाम घेतलेलं नाही, नाहीतर धागा हातचा जाईल.

---

खवचट_खार

घेतलंत की.

---

पिक्टप्रेमी

स्कॉटलंडची बाजू कुणीच मांडत नाही म्हणून आलो.

ईशान्य किनाऱ्यावर स्टोनहेवनजवळ डनिकेअर नावाचा सुळका आहे. आता तो जमिनीपासून तुटलेला, समुद्रात सुटा उभा. १८३२ मध्ये काही पोरं त्यावर चढली आणि वर सापडलेले दगड मजेत समुद्रात ढकलत बसली. काही दगडांवर पिक्ट लोकांची (स्कॉटलंडच्या उत्तर-पूर्व भागातले प्राचीन लोक) कोरीव चिन्हं होती हे नंतर लक्षात आलं. २०१५ पासून अ‍ॅबर्डीन विद्यापीठाच्या पथकाने दोर बांधून, गिर्यारोहकांच्या मदतीने वर चढून खोदलं. तटाचे अवशेष, चुली, रोमन भांड्यांचे आणि काचेचे तुकडे मिळाले. तारखा आल्या इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या. पिक्टांचा आजवर माहीत असलेला सगळ्यात जुना कोट तो. वरची जागा बघितलीत तर हसाल, एवढीशी. बाकीची समुद्राने नेली.

बर्गहेड वेगळंच. मोरे फर्थमधलं मोठं भूशिर, पिक्टांचा सगळ्यात मोठा कोट. १८०५ ते १८०९ मध्ये बंदर आणि नवं गाव वसवताना निम्म्याहून अधिक कोट सपाट केला. तेव्हा बैल कोरलेल्या तीसेक शिळा निघाल्याचं सांगतात, आज उरल्यात सहा. आपल्या हातात आहे तो अठराव्या शतकात विल्यम रॉय या लष्करी मोजणीदाराने काढलेला नकाशा. पुढे दोनशे वर्षं सगळे म्हणत राहिले की आता आत काही उरलेलं नाही. २०१५ नंतर गॉर्डन नोबल यांच्या पथकाने खोदलं तर लांबोळक्या घराचे अवशेष निघाले आणि नवव्या शतकातल्या इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या काळातलं नाणंही. तटात लाकडी तुळया होत्या, लोखंडी खिळ्यांनी जोडलेल्या. तो तट जळाला होता. आडवाट, ही आग शोभेची नव्हती.

---

आडवाट

पिक्टप्रेमी, बर्गहेड माझ्या म्हणण्याला छेद देतं, कबूल. पण डून एंगसचा गजबजाट आणि बर्गहेड यांत दीड हजार वर्षांपेक्षा जास्त अंतर आहे. युक्ती तीच, मान आवळायची. म्हणून हेतूही तोच असेल कशावरून? डून एंगसला पंधराशे वर्षांच्या फरकाने तिथेच परत बांधणाऱ्याला तरी आधीच्याचा हेतू कुठे ठाऊक होता?

---

नवा_भिडू

मेटल डिटेक्टर घेऊन अशा जागी गेलं तर काही मिळेल का? सहज विचारतोय.

---

बोचरा_वारा

मिळेल: पोलीस. आयर्लंडमध्ये परवान्याशिवाय डिटेक्टरने पुरातन वस्तू शोधणं गुन्हा आहे.

यावरून डब्लिनच्या उत्तरेचं ड्रमॅना भूशिर आठवलं. तिथे चोरट्या डिटेक्टरवाल्यांनी रोमन वस्तू उकरून काढल्या. १९९६ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने त्यावरून रोमन सैन्य आयर्लंडमध्ये उतरल्याचा गाजावाजा केला. वस्तू रोमन होत्या यात शंका नाही. पण त्या कुठल्या थरात, कशाशेजारी होत्या हे चोराने टिपून ठेवलेलं नव्हतं. त्यामुळे सैनिकाची वस्तू, व्यापाऱ्याची, की आयरिश माणसाने हौसेने घेतलेली, हे त्या वस्तूंवरून ठरतच नाही. आता तिथे फिंगल कौन्सिलच्या पुढाकाराने स्थानिक लोकांना सोबत घेऊन रीतसर खोदकाम झालंय, आणि कल व्यापाराच्या बाजूने दिसतो.

---

नवा_भिडू

बरं बरं. सहजच विचारलं होतं.

---

निवृत्त_ओव्हरसियर

आडवाट, तुमच्या पहिल्या प्रतिसादातले फोटो आज मोठे करून नीट बघितले. ते तिरपे टेकू, ज्यांना तुम्ही दंडवत घातलात. त्यांचा दगड बाकीच्या तटात गुंतलेला नाही, नुसता बाहेरून टेकवलेला आहे. पायाही वेगळा. तटाबरोबर बांधलेला टेकू असा नसतो. मागाहून कुणीतरी, भिंत पोटावर येतेय म्हणून, दिलेला आहे. माझ्या मते फार जुना नाही.

---

आडवाट

काका, तुमच्या डोळ्याला सलाम. तपासलं. एकोणिसाव्या शतकात, १८८० च्या दशकात, सरकारी बांधकाम खात्याने तिथे डागडुजी केली. टेकू त्या वेळचे.

म्हणजे माझा दंडवत एका व्हिक्टोरियन ओव्हरसियरला पोचला.

---

निवृत्त_ओव्हरसियर

योग्य खात्यात जमा झाला.

---

मीनाक्षीताई

पुढच्या वर्षी जायचा विचार आहे. गुडघे जेमतेम. डून एंगस झेपेल का? आणि एकच बघायचं तर तेच बघावं का?

---

आडवाट

ताई, किलमर्वीपासून वाट साधारण एक किलोमीटरची. शेवटी खडकाळ, पण सावकाश गेलात तर झेपेल. चांगल्या तळव्याचे बूट हवेत. वारा असेल त्या दिवशी कडेपासून दहा पावलं मागेच थांबा.

जमलं तर त्याच बेटावरचं डूखहिरही करा. नावाचा अर्थ काळा कोट. किलरोननपासून दक्षिणेला, खडकांवरून चालत. तिथे भूशिराच्या मानेवर एकच दांडगा तट, बाहेर तसेच रोवलेले दगड, आत झोपड्यांच्या भिंती. मी गेलो तेव्हा दोन तास तिथे चिटपाखरू नव्हतं. टेकू आहेत का ते या वेळी तुम्ही बघा, फोटो काकांना दाखवू.